दहा पावलांवरची लिंबं

रामनगरात माझ्या वयाचे जे चार-सहा लोक उरलेत त्यांना आमचा जुना पिकअप अजून आठवतो. हिरवा, पुढून बेडकासारखा फुगलेला, हँडल मारल्याशिवाय चालू न होणारा. काय गाडी होती आणि काय तुम्ही ती जगवलीत, असं कौतुक करतात. मी ऐकून घेतो आणि विषय बदलतो. ती गाडी मी जगवली नाही. ती दाजींनी जगवली, आणि मी त्यांना तिच्या स्टेअरिंगवर बसू दिलं नाही. कसं बसू दिलं नाही ते आज सांगतो. ऐकून कुणाला माझा राग आला तर खुशाल येऊ दे. मला स्वतःला तो कधीचा आलेला आहे, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग झालेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्यांचं गाव काळी नदीच्या काठाला होतं, ते धरणात गेलं. आणि बघा, त्याच धरणाच्या कामावर ते ड्रायव्हर होते. स्वतःचं शेत ज्या पाण्याखाली जायचं त्या पाण्याच्या भिंतीला त्यांनी दहा वर्षं खडी पुरवली. कामावरच एकदा सुरुंगाची कपची उडून डाव्या डोळ्यात गेली आणि त्या डोळ्यात फूल पडलं. पांढरा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. काम संपलं, माणसं सुटली, पाणी चढलं, आणि दाजी अक्काला घेऊन आमच्याकडं रामनगरला आले. बरोबर दोन ट्रंका आणि घराचं पुढचं दार. सागवानी दार, चौकटीतून उपसून आणलेलं. आमच्या परसात त्यांना खोली बांधून दिली, तिला दुसरं दार होतं. हे दार भिंतीला टेकून उभं राहिलं.

आमच्या घरात दाजींना कधी कुणी वाईट बोललं नाही. जावई म्हणून पहिला भात त्यांनाच वाढायचे, पहिलं तूप त्यांनाच. फक्त कशातही त्यांना कुणी विचारायचं नाही. दुकानात माल काय भरायचा, गाय कुठं बांधायची, काही नाही. बाजारातली टवाळ मंडळी त्यांना बुडितातला जावई म्हणायची, आणि ते ऐकून मी हसायचो. दाजींना दुकानदारी जमायची नाही. तागडी हातात आली की माणूस घामाघूम. त्यांना एकच गोष्ट येत होती आणि एकच गोष्ट हवी होती, गाडी चालवायला. बदली ड्रायव्हर म्हणून कधीमधी एखाद्या लॉरीवर जायचे तेव्हा परतताना चालच वेगळी असायची.

आमचं दुकान मिठाचं, गुळाचं, सुक्या मासळीचं, पेंडीचं. गिऱ्हाईक बरंचसं कुंभारवाड्याकडल्या वाड्यांतलं. ती माणसं रानातून डोक्यावर ओझी घेऊन यायची, कारण तिकडं एस्टी कधी यायची आणि कधी यायचीच नाही. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोक्यात आलं की आपलीच एखादी गाडी असावी, रोज माल घेऊन जाईल आणि येताना माणसं घेऊन येईल. गणेशगुडीजवळ धरणाच्या कामावरचं भंगार पडलं होतं, तिथं ते मला आणि दाजींना घेऊन गेले.

भंगारात एका कडेला हा पिकअप. सीट वाळवीनं खाल्लेली, खालचा पत्रा कुजून त्यातून घाणेरीचं झुडूप केबिनमध्ये वर आलेलं, बॉनेटखाली उंदरांची बिळं. आप्पा पुढं निघाले होते. दाजी थांबले. त्यांनी मडगार्डवर हात ठेवला आणि म्हणाले, ही माझी हाय. कामावरची पहिली चार वर्षं त्यांनी हीच चालवली होती. गिअरच्या दांड्याचा गोळा त्यांनी स्वतः शिंगाचा बसवलेला, तो अजून तिथंच होता. आप्पा म्हणाले, सुधरंल काय? दाजी म्हणाले, सुधरंल. माझ्याकडं कुणी बघितलं नाही, आणि तिथंच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. बेळगावात दोन वर्षं मशीनचं शिक्षण घेऊन, म्हणजे न घेता, दोनदा नापास होऊन घरी आलेला. गाडी येणार म्हटल्यावर ती चालवणार कोण हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. गाडी दोराला बांधून लाकडाच्या लॉरीमागून रामनगरात आणली तेव्हा स्टेअरिंगवर दाजी बसले, इंजिन बंद, चाकांचे आवाज कुईकुई. त्या पिकअपच्या स्टेअरिंगवर दाजी रामनगरात दोनदाच बसले. एकदा ती मेलेली होती. दुसऱ्या वेळेचं पुढं येतंच.

मग दिवाळीपासून पुढच्या भाद्रपदापर्यंत परसात काम चाललं. पिस्टन गंजून जाम झालेले. दाजींनी प्लग काढून वरून रॉकेल आणि तेल ओतलं आणि आठ दिवस हात लावला नाही. मी रोज म्हणायचो, घणानं ठोकूया. ते रोज म्हणायचे, थांबा पावनं. नवव्या दिवशी गिअरमध्ये घालून चार माणसांनी गाडी मागंपुढं हलवली, तर आतून कच्च झालं आणि पिस्टन सुटला. कार्बुरेटरची भोकं त्यांनी अक्काच्या सुईनं उकरली. पाण्याच्या पंपाचं पॅकिंग बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून हातोडीनं टिपून टिपून कापलं. रेडिएटर झिरपत होता, त्यात मूठभर हळद टाकली आणि तो झिरपायचा थांबला. केबिनचा तळ डांबराच्या पिंपाच्या पत्र्यानं झाकला. मागच्या हौद्याच्या फळ्या तर पार कुजून गेलेल्या. लाकूड कुठून आणायचं यावर आप्पा विचार करत बसले असताना दाजींनी भिंतीला टेकलेलं ते दार आडवं घातलं आणि करवत लावली. अक्का दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही.

मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. इंजिन सुरू झालं तसं परसातून रस्त्यापर्यंत, मग फाट्यापर्यंत. सीट तयार नव्हती म्हणून पेंडीच्या पोत्यावर बसून. ते बाजूला बसायचे आणि क्लच सोडायची घाई केली की नुसती बोटं वर करायचे. ओरडायचे नाहीत. एखाद्यानं ओरडावं तरी! न ओरडणाऱ्या माणसाचा राग धरायला फार मेहनत पडते, ती मी केली.

हँडल मारताना त्यांनी मला दहादा सांगितलं होतं, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, आवळून धरू नका, हँडल उलटं आलं की हाड मोडतं. मी आवळून धरलं. हँडल उलटं आलं. अंगठा निखळला आणि मी परसात आडवा पडून त्या गाडीच्या आईबापाचा उद्धार केला, बंपरला लाथा घातल्या. दाजींनी धरून बसवलं, अंगठा ओढून जागेवर घातला, आणि एवढंच म्हणाले की पावनं, रोज जिच्यावर पोट भरायचं तिला शिव्या देऊ नयेत. झालं. अक्का हळद उगाळून लेप लावत होती, तिच्यासमोरच मी बोललो, "एका डोळ्याच्या माणसानं मला शहाणपण शिकवू नये." अक्काचा हात थांबला. मग परत लेप लावायला लागला.

त्या दिवसापासून मी हे डोळ्याचं हत्यार सोडलंच नाही. दाजींना डाव्या बाजूचं दिसत नाही, असं दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं. दिसत होतं त्यांना. एका उजव्या डोळ्यानं ते सुईत दोरा ओवायचे. पण लोकांना असलं काही ऐकायला आवडतं, आणि आप्पांनाही ते हळूहळू खरं वाटायला लागलं. माल आपला, माणसं भरलेली, गणेशगुडीचा उतार, आणि ड्रायव्हर एका डोळ्याचा! आप्पा दाजींना तोंडावर नको म्हणू शकत नव्हते, शेवटी जावई. त्यांनी ते देवावर सोडलं.

आमच्या घरात बैलगाडीच्या काळापासून एक रीत होती. खंडेनवमीला गाडीची पूजा झाली की पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी पुढं काढायची. ज्याच्या हातून लिंबू चिरडलं तो वर्षभर त्या गाडीचा धनी, म्हणजे हाकणारा. दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. लिंबू चाकाला चिकटवूनच ठेवतात, आंधळ्यानं हाकली तरी ते चिरडतं. आप्पा म्हणाले, दाजींनी गाडी केली, दाजींनीच लिंबू चिरडावं. दाजींनी मान खाली घालून हो म्हटलं. त्या आठवड्यात त्यांनी खाकी शर्ट काढून धुतला, धरणाच्या कामावरचा.

नवमीच्या आदल्या दिवशी एकच काम राहिलं होतं, ब्रेक. उजवं चाक दाजींनी केलं, डावं मला दिलं, पावनं तुम्ही करा म्हणजे हात बसंल. चाकाच्या ड्रमाच्या आत ब्रेकची लायनर असते, ती ड्रमाच्या किती जवळ ठेवायची ते मागच्या एका बोल्टावर असतं. दाजींचा नियम होता की बोल्ट आवळला की चाक जॅकवर उचलून हातानं फिरवायचं, मोकळं फिरलं पाहिजे. मी बोल्ट आवळला. जॅक लावायचा कंटाळा केला. मग गाडी ओढ्यावर धुवायला मी एकट्यानं नेली, आणि जाताना कळलं की ती डावीकडं ओढतेय. फार नाही, स्टेअरिंग दोन बोटं उजवीकडं धरलं की सरळ जायची. लायनर घासत होती.

मला वाटलं, घरी जाऊन दाजींना सांगावं. खरंच वाटलं, खोटं बोलत नाही. घरी आलो तर ते पाने, जॅक, हातोडी, पकड सगळं रॉकेलनं पुसून, कुंकू लावून पाटावर मांडत होते. म्हणाले, आता दसरा उजाडंपर्यंत लोखंडाला इश्रांती, पाना लावायचा न्हाई. ओढ्यावर गाडी कशी गेली असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लोण्यासारखी.

नवमीच्या सकाळी मी पिकअप बाजाराच्या रस्त्यावर आणून उभा केला. झेंडूच्या माळा, उसाची कांडी, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं. आजूबाजूला लॉरीवाले आपापल्या गाड्या सजवत होते, दुकानदार, गिऱ्हाईक, कुंभारवाड्याकडली दहा-बारा माणसं, सगळी आमची गाडी बघायला आलेली. अक्कानं लग्नातल्या पितळेच्या ताटात निरांजन ठेवून गाडीला ओवाळलं, दाजींना ओवाळलं. दाजींचा खाकी शर्ट इस्त्रीचा. ते वर चढून बसले आणि त्यांनी त्या शिंगाच्या गोळ्यावर तळवा ठेवला.

आप्पांच्या हातात लिंबं होती. मी ती घेतली. चाकाशी न ठेवता दहा पावलं पुढं चालत गेलो आणि रस्त्यावर ठेवली, एक डाव्या चाकाच्या रेघेत, एक उजव्या. लोकांच्या लक्षात आलं तशी कुजबुज सुरू झाली. मी मोठ्यानं विचारलं, "दाजी, लिंबं दिसत्यात न्हवं?"

लोक हसले. मला अजून तो हशा ऐकू येतो आणि लाजेच्या आधी, सांगायला तोंड नाही, बरं वाटल्याचं आठवतं. अक्कानं ताट रस्त्याच्या डाव्या कडेला, डाव्या लिंबापासून हातभरावर, एका पाटावर ठेवलेलं होतं. ती माझ्याकडं बघत होती.

"दिसत्यात," दाजी म्हणाले.

आता हे नीट समजून घ्या. त्या पिकअपचं बॉनेट एवढं उंच आणि रुंद, की पाच पावलांवर आलं की रस्त्यावरचं लिंबू दोन डोळ्यांच्याच काय, चार डोळ्यांच्या माणसालाही दिसणार नाही. तिथून पुढं ड्रायव्हर स्टेअरिंग सरळ धरून अदमासानं जातो. आणि सरळ धरलं की ती गाडी डावीकडं जाणार होती. हे त्या सबंध रस्त्यावर एकट्या मला ठाऊक होतं.

दाजींनी गाडी सोडली. इंजिनाचा आवाज एकसारखा, क्लच इतका हळू सुटला की झेंडूची माळही हलली नाही. पाच पावलं बरोबर लिंबांच्या रेघेत. मग लिंबं बॉनेटखाली गेली आणि गाडी हळूहळू डावीकडं सरकायला लागली. शेवटी दाजींच्या हाताला ते कळलं, त्यांनी स्टेअरिंग फिरवलं, पण तोवर झालं होतं. दोन्ही लिंबं चाकांच्या उजव्या अंगाला तशीच राहिली, आणि डावं चाक पाटावर चढून अक्काच्या ताटावरून गेलं. निरांजन विझलं. ताट दुमडल्याचा आवाज अगदीच लहान होता.

कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं. सणादिवशी लक्ष्मीच्या ताटावरून चाक, निरांजन विझलेलं, आणि एका डोळ्याचा माणूस वर बसलेला. एका म्हाताऱ्यानं कानाला हात लावले. दाजी खाली उतरले. त्यांनी आधी वाकून डाव्या पुढच्या चाकाच्या आत, ड्रमावर हात ठेवला, आणि चटका बसल्यासारखा लगेच काढला. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलणार. ते शर्टाच्या बाहीनं हात पुसून बाजूला झाले.

मी वर चढलो. गाडी मागं घेतली, स्टेअरिंग दोन बोटं उजवीकडं धरलं आणि दोन्ही लिंबं चिरडून बाजाराच्या टोकापर्यंत गेलो. टाळ्या पडल्या. आरशात दिसत होतं की अक्का रस्त्यावर बसून ताट पाटावरून उचलतेय आणि दाजी तांदळाचे दाणे वेचतायत.

दुसऱ्या दिवशी दसरा, पहिली फेरी. सकाळी हौद्यात मीठ, पेंड, गुळाच्या ढेपा, आणि वर बसलेली सात-आठ माणसं. आप्पांनी दाजींना सांगितलं की तुम्ही मागं बसा, पोती उतरायला हात लागंल. दाजी मागं चढले आणि आपल्या घराच्या दारावर, म्हणजे त्या फळ्यांवर, मांडी घालून बसले.

जगलबेट गेलं. सपाटीला गाडी ओढत नव्हती, मला वाटलं मालाच्या वजनानं दबलीय. गणेशगुडीचा उतार सुरू झाला. मी तयारीत होतो. ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढणार, म्हणून मी आधीच स्टेअरिंग उजवीकडं धरलं आणि ब्रेकवर पाय दिला. गाडी ओढलीच नाही. मी धरली होती तशीच ती उजवीकडं गेली, रस्ता ओलांडून, दरीच्या कडेला. मागून बायका किंचाळल्या. मीठ सरकलं. कडेच्या दगडाला चाक घासलं आणि कसंतरी मी स्टेअरिंग मागं आणलं. मैलभर गाडी पहिल्या गिअरात नेली. मग भीतभीत स्टेअरिंग सरळ धरलं, ब्रेक दाबला. गाडी सरळ. परत दाबला. सरळ. लोण्यासारखी.

कुंभारवाड्याला पोचलो, माणसं उतरून आपापल्या वाटेनं गेली. मी खाली उतरलो आणि डाव्या चाकाच्या ड्रमावर हात ठेवला. थंड होता. बोल्टावर पान्याचा ताजा ओरखडा दिसत होता. मान वर केली तर दाजी हौद्याच्या कडेला उभे होते आणि मला बघत होते.

"काल पूजा हुती, पावनं," ते म्हणाले. "पूजेच्या दिवशी गाडीला नाव ठिवायचं न्हाई, पाना लावायचा न्हाई. आज पाटंला उठून लावला. तुमी उतारावरनं जाणार हुता."

एवढंच. काल बाजारात एक शब्द बोलले असते, ब्रेक घासतोय म्हणून ड्रम दाखवला असता, तर गाडी त्यांची होती. बोलले नाहीत, कारण ज्या गाडीला त्यांनी मातीतून उठवलं तिला तिच्या सणादिवशी वाईट म्हणायचं नव्हतं. आणि रात्रभर ते पोटात ठेवून, माझा जीव जाऊ नये म्हणून, पहाटे बोल्ट सैल केला. माझ्याजवळ त्या क्षणी सांगायला पुष्कळ होतं. हात जोडता आले असते. गाडीची चावी त्यांच्या हातात देता आली असती, रस्त्यावर बघायला चिटपाखरू नव्हतं.

मी म्हटलं, "पोती उतरवा, दाजी. उशीर व्हायला लागलाय."

त्यांनी पोती उतरवली.

पुढं नऊ वर्षं तो पिकअप रोज धावला आणि नऊ वर्षं दाजी हौद्यात बसले, उन्हात, पावसात टारपोलीन डोक्यावर घेऊन. पाना तेच लावायचे, स्टेअरिंगला हात मी लावायचा. एकदा मला ताप भरला, आप्पा म्हणाले दाजी आज तुम्ही न्या, तर दाजींनी मान हलवली. लिंबू त्यांनी चिरडलंय, म्हणाले. गाडी तीन दिवस उभी राहिली. दर खंडेनवमीला मी लिंबं चाकाला चिकटवून ठेवत होतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. जे लॉरीवाले पूर्वी दाजींना बदलीला बोलवायचे त्यांनी त्या दिवसापासून बोलावणं बंद केलं. लक्ष्मीच्या ताटावरून गाडी घातलेला ड्रायव्हर कोण ठेवील? त्या दिवशी ब्रेक घासत होता हे आम्ही दोघं सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि दोघांतला एक बोलणार नव्हता आणि दुसरा मी होतो.

दहाव्या वर्षी दाजी काविळीनं गेले. त्यांना दवाखान्यात नेलं ते त्याच पिकअपमधून, आणि केबिनमध्ये बसवलं, माझ्या शेजारी. ते शिंगाच्या गोळ्याकडं बघत होते. मी गिअर बदलायचो तेव्हा मुद्दाम गोळा झाकून धरायचो. का, ते मला आज सांगता येत नाही. वर्षभरात मी गाडी फुंकून टाकली.

अक्का अजून परसातल्या त्याच खोलीत राहते. सणावाराला मला जेवायला बोलावते, आणि मी जातो, नाही म्हणायला तोंड कुठलं. इतरांना स्टीलची ताटं. मला ते पितळेचं ताट, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. तिनं ते कधी ठोकून सरळ करून घेतलं नाही. डावी कड दुमडलेली आहे, त्यामुळं आमटी वाढली की सगळी एका अंगाला वाहते आणि भात कोरडा राहतो. दाजींनी तिला काय सांगितलं होतं ते मी कधी विचारलं नाही, तीही बोलत नाही. समोर बसते, वाढते, आणि मी शेवटचं शीत खाईपर्यंत उठत नाही.